जाऊबाईंपेक्षा एक कमी

थोरल्या जाऊबाईंपेक्षा एक कमी, हा धाकटीचा उभ्या जन्माचा नेम होता. तो कुणी घालून दिला म्हणावं, तर कुणीच नाही. ती लग्न होऊन आली तेव्हा ते कुलपं दुरुस्त करणाऱ्या दोन भावांचं घर होतं. खाली दुकान, वर दोन खोल्या आणि दोघींत मिळून एक स्वयंपाकघर. पहिल्याच सकाळी ती टॉवेल अडकवायला गेली, तर थोरली म्हणाली, "ती माझी खुंटी. तुझी खालची." खालची खुंटी तिच्यासाठी आधीच ठोकून ठेवलेली होती, वीतभर खाली. धाकटीने टॉवेल तिथे अडकवला, आणि पुढचं सगळं त्या खुंटीवरूनच ठरत गेलं. थोरलीच्या खोलीला दोन खिडक्या होत्या, म्हणून धाकटीने आपल्या खोलीतल्या एका खिडकीपुढे कपाट सरकवलं. थोरलीने शाल घेतली की धाकटी घेई ती जरा आखूड. थोरलीचं डोकं दुखलं की धाकटीचं अर्धंच दुखे. खोटं नव्हे, खरोखर उजवी बाजू तेवढी ठणके.

यात जाच असा काही नव्हता. थोरली मायाळूच होती, फक्त मायासुद्धा तिची वरच्या खुंटीवरून खाली यायची. धाकटी तापाने फणफणली की तीच उशाशी बसे, तीच कपाळावर ओल्या घड्या ठेवी. पण पारा थोरलीच्या मागच्या तापाच्या जवळ चढतोय असं वाटलं, की धाकटी आपणहून थर्मामीटर काढून घेई आणि म्हणे, "पुरे, एवढाच आहे."

दोघींची पहिली बाळंतपणं एकाच दिवशी आली. तेव्हा बायका घरीच बाळंत होत. कळा आधी धाकटीला सुरू झाल्या, पण थोरलीचं व्हायचं होतं, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून गप्प पडून राहिली. सुईणबाईने विचारलं, "तुझं काय गं? काही होतंय का?" "मला काही घाई नाही," धाकटी म्हणाली, "जाऊबाईंचं होऊन जाऊ द्या." थोरलीने ओरडून घर डोक्यावर घेतलं. खाली दुकानात दुरुस्तीला आलेली सगळी कुलपं त्या आवाजाने आपोआप उघडली, असं दोघे भाऊ मरेपर्यंत सांगत होते. थोरलीची लेक जन्मली, आणि तिची नाळ कापतात न कापतात तोच धाकटीचा मुलगा आला, जणू दाराबाहेर चपला हातात घेऊन ताटकळत उभा होता. धाकटीच्या तोंडून हूं की चूं नाही. दमून पडलेल्या थोरलीला एवढंच दिसलं, की धाकटीच्या डाव्या पायाचा अंगठा आत वळलाय, गोगलगाय शंखात शिरावी तसा.

पुढे दोघे भाऊ गेले, दुकान मुलांनी चालवलं, आणि दोन्ही जावांचे गुडघे त्या एकाच जिन्याने खाल्ले. थोरलीने दोन्ही गुडघे बदलून घ्यायचं ठरवलं. धाकटीचेही दोन्ही गेले होते. तिने एकच बदलायला सांगितला.

"अहो आजी, दोन्ही फोटोंत सारखेच झिजलेत," हाडांचे डॉक्टर म्हणाले.

"उजवा तसा बरा आहे," धाकटी म्हणाली. "जाऊबाईंचे दोन होतायत ना?"

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई दोघींना समजवायला आल्या. कपाळावर चष्मा, बोलणं सरळ. पाठीच्या कण्यापाशी एक बारीक नळी ठेवायची, ती चिकटपट्टीने पाठीवरून खांद्यापर्यंत आणायची आणि पंपाला जोडायची. पंप थेंबाथेंबाने औषध सोडत राहील. त्यात बधिर करणारं थोडं आणि अफूच्या जातीचं थोडं. दुखणं मेंदूकडे निघालं की पाठीतच त्याला अडवायचं, अशी ती योजना.

"पाय जड होतील. अंगाला खाज सुटेल, नाकाला जरा जास्तच. त्याला घाबरायचं नाही," त्या म्हणाल्या. "पण पेंग फार यायला लागली, श्वास मंदावला, तर औषध कमी करावं लागतं. आणि दुखत असेल तर ते सांगायचं. म्हणून सिस्टर सारखी येऊन विचारेल, शून्य ते दहामध्ये दुखणं किती. काहीच नाही म्हणजे शून्य, सहनच होत नाही म्हणजे दहा. खरं सांगायचं. पंप तुमच्या सांगण्यावर चालतो."

"अफू दोघींना सारखीच?" थोरलीने विचारलं.

"नाही, तुमचं वय जास्त, तुम्हाला कमी लागेल."

हे ऐकून धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. "त्यांना कमी? मग मला त्याहून कमी द्या."

"तसं नसतं हो, आजी."

"आमच्यात असतं."

डॉक्टरीणबाईंनी दोघींकडे आळीपाळीने बघितलं, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, परत कपाळावर ठेवला आणि त्या निघून गेल्या.

ऑपरेशनं नीट पार पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी एका खोलीत, शेजारी शेजारी पलंगावर होत्या. थोरलीचा पलंग खिडकीकडे, धाकटीचा दाराकडे, मध्ये एक लहान टेबल. दाराबाहेर, समोरच्या भिंतीवर, औषधांचं लोखंडी कपाट होतं. अफूच्या जातीची औषधं मोजून मापून त्यात बंद. एक सिस्टर उघडणार तर दुसरी बघायला उभी राहणार. थोरलीने पडल्या पडल्या त्या कपाटाच्या कुलपाकडे बघितलं आणि नाक मुरडलं. "हे कसलं कुलूप? जोरात शिंकलं तर उघडेल."

सिस्टर तरुण, गोल चेहऱ्याची, बडबडी होती. तिने आधी थोरलीला विचारलं, "हं, मोठ्या आजी, शून्य ते दहा. किती?"

थोरलीने डोळे मिटून आपल्या गुडघ्यांची चौकशी केली. गुडघे कुठे आहेत तेच सापडेना. "शून्य," ती म्हणाली, आणि तो आकडा तिच्या तोंडात खडीसाखरेसारखा विरघळला.

"छान! धाकट्या आजी, तुम्ही?"

धाकटीलाही काही दुखत नव्हतं. पण तिची पंचाईत झाली. तिने छताकडे बघितलं, मग हळूच विचारलं, "सिस्टर, शून्याच्या खाली काय असतं हो?"

"शून्याच्या खाली काही नसतं. म्हणजे शाळेत असतं. वजा एक, वजा दोन."

"मग माझं तेवढं लिहा. वजा एक."

"वजा एक म्हणजे काय होतंय तुम्हाला?"

"ऑपरेशनच्या आधीपेक्षाही बरं आहे, असं धरा ना."

सिस्टरने पेन गालाला टेकवून विचार केला. तिला पंधरा खोल्या फिरायच्या होत्या. तिने लिहून टाकलं.

थोड्या वेळाने थोरलीच्या नाकाला खाज सुटली. सांगितलं होतं तशीच, शेंड्यापासून सुरू होऊन भुवयांच्या मध्यापर्यंत. तिच्या एका हाताला सलाईन, दुसऱ्या हाताला रक्तदाबाचा पट्टा. आणि तसंही, धाकटी हाताशी असताना थोरलीने आपलं आपण काही केल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"अगं, माझं नाक."

"आले, जाऊबाई."

"आले" म्हणायला सोपं होतं. पाय तर वाळूने भरलेल्या पोत्यासारखे पडलेले. धाकटीने पलंगाचा कठडा धरला, कमरेवरचं सगळं अंग कुशीवर ढकललं, टेबलावरचं भांडं कोपराने बाजूला सारलं आणि हात लांबवला. बोटाची नखं थोरलीच्या नाकापर्यंत पोचली.

"अजून थोडं वर," थोरली म्हणाली.

धाकटी अजून थोडी सरकली. पाठीवर चिकटपट्टी उचकटल्यासारखं झालं, आत काहीतरी बारीक, दोरा निसटावा तसं सुळकन सरकलं. तिकडे तिने लक्ष दिलं नाही. नाक महत्त्वाचं होतं.

"आता डावीकडे. हं. हं. अहाहा. काय सुख आहे गं," थोरली म्हणाली, आणि तिला डुलकी लागली.

पंप आपला इमानेइतबारे चालू राहिला, हिरवा दिवा लुकलुकत राहिला. औषध थेंबाथेंबाने पडत राहिलं, फक्त धाकटीच्या पाठीत पडायचं ते गादीत पडू लागलं. त्या गादीला त्या दिवशी अजिबात दुखलं नसेल.

धाकटीला मात्र दुखू लागलं. आधी दूरच्या रस्त्यावरून वरात येत असल्यासारखं बारीक ठोके ऐकू येत होते. मग वरात गल्लीत आली. मग ती गुडघ्यात शिरली आणि तिथेच थांबून वाजवत बसली. धाकटीने चादर मुठीत धरली.

सिस्टर आली. "मोठ्या आजी?"

"शून्य," थोरली झोपेतच म्हणाली.

"धाकट्या आजी?"

धाकटीच्या जिभेवर एक आकडा आला. तो सातच्या आसपास होता. तो तिने गिळला. जाऊबाई शून्यावर निवांत झोपलेल्या असताना शेजारी सात म्हणायचं, म्हणजे त्यांच्या उशाशी थाळी वाजवण्यासारखं. "वजा एकच," ती म्हणाली.

"कुशीवर वळता का? पाठ बघू."

"सगळं छान आहे हो. आत्ताच अंग टेकलंय, राहू द्या."

हाडांचे डॉक्टर फेरीला आले, मागे शिकाऊ डॉक्टरांचा घोळका. त्यांनी कागद बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. "हे बघा! मी घातलेला गुडघा. वजा एक! आजवर कुणाचा शून्याखाली गेलाय का?" कुणाचाच गेला नव्हता. घोळका धाकटीच्या पायाकडे भक्तिभावाने बघत राहिला. एका चष्मेवाल्या मुलीने विचारलं, "सर, शून्याखाली गेलं म्हणजे पेशंट आजूबाजूचं दुखणं ओढून घेत असेल का?"

डॉक्टरांनी हनुवटी चोळली. "शक्यता नाकारता येत नाही," ते म्हणाले. माहीत नसलेल्या गोष्टीवर ते नेहमी हेच म्हणत. "मात्र औषध जास्त होतंय. पंप निम्म्यावर आणा." पंप निम्म्यावर आला, म्हणजे गादीला निम्मं मिळू लागलं.

पण मुलीचं ते बोलणं दाराबाहेर जेवणाच्या गाडीवाल्याने ऐकलं. जेवणाची गाडी सगळ्या खोल्यांतून फिरते. गरम सूप वाटून होईपर्यंत मजल्यावर बातमी पसरली, की त्या खोलीत एक आजी आहे, तिच्याजवळ नुसतं बसलं तरी दुखणं उतरतं.

पहिला आला तो खांदा मोडलेला रंगारी. त्याच्यामागे चाकाच्या खुर्चीतून पित्ताशयवाली शिक्षिका, मग चौकोनी वॉकर टेकत टेकत कंबरेचा एक पोस्टमन. ते धाकटीच्या पलंगाभोवती बसले आणि तिच्याकडे बघत राहिले.

"आजी, तुमचं काही खर्चायचं नाही," रंगारी म्हणाला. "तुम्ही पडून राहा. आम्ही आपलं थोडं ओतून जातो."

"ओता बाबा," धाकटी दात आवळून म्हणाली. आलेल्या माणसाला नाही म्हणणं तिच्या रक्तात नव्हतं. आणि नवल असं, की त्यांना खरंच बरं वाटायचं. रंगारी खांदा फिरवत गेला. शिक्षिका म्हणाली, "कुठे गेली हो माझी कळ?" ती कुठे गेली असेल याबद्दल धाकटीला दाट संशय होता.

थोरली जागी झाली तेव्हा पोस्टमन धाकटीच्या पायाशी कंबर टेकवून बसला होता आणि दाराबाहेर रांग होती. थोरलीच्या पलंगाकडे सगळ्यांची पाठ.

"ही गर्दी कसली?"

"काही नाही, जाऊबाई. लोक भेटायला आलेत."

"तुला?"

तेवढ्यात खरंच भेटायला आलेलं माणूस आलं. दोघींची नणंद. बोलायला फटकळ, आणि दवाखान्यात आली की अजूनच. रांगेतूनच तिने सगळं ऐकून घेतलं होतं.

"काय ऐकते मी, धाकट्या वहिनी! वजा एक म्हणे! अख्खा मजला तुमचं नाव काढतोय." मग ती खिडकीकडे वळली. "आणि मोठ्या वहिनी, तुम्ही? तुम्ही अजून शून्यावरच?"

त्या "वरच"ने घात केला. थोरलीच्या कपाळाला आठ्या पडल्या. इतकी वर्षं दुखण्यात ती पुढे होती, तेव्हा दुखण्याला मान होता. आता न दुखण्याला मान आला होता, आणि तो तिला न विचारता शेजारच्या पलंगावर गेला होता.

"सिस्टर!" तिने हाक मारली. "माझं लिहून घ्या. वजा पाच."

रांगेत खळबळ झाली. पोस्टमन कंबर सांभाळत उठला आणि थोरलीच्या पायाशी जाऊन बसला.

"मग काय! थोरल्या त्या थोरल्याच," नणंद म्हणाली. तिने टेबलावरची दोन बिस्किटं पर्समध्ये टाकली आणि ती निघून गेली.

धाकटी पडल्या पडल्या विचार करू लागली, आणि ठणक्यात विचार करणं म्हणजे उधळलेल्या घोड्यावर बसून सुई ओवणं. जाऊबाईंपेक्षा एक कमी म्हणजे वजा सहा. पण वजा सहा म्हटलं तर त्यांच्यापेक्षा मान जास्त होतो. मान कमी ठेवायचा तर वजा चार म्हणावं. पण वजा चार म्हणजे त्यांच्यापेक्षा दुखणं जास्त झालं. दुखणं तर आधी कधीच जास्त होऊ दिलं नाही. मान कमी ठेवू की दुखणं? इतकी वर्षं दोन्ही एकाच खुंटीवर टांगलेली होती, आज ती सुटी सुटी झाली. तिला रडू येत होतं, पण जाऊबाई रडत नव्हत्या.

"धाकट्या आजी, तुमचं?" सिस्टरने विचारलं.

"वजा सहा," धाकटी पुटपुटली, आणि लगेच थोरलीकडे बघून म्हणाली, "पण साधंच वजा सहा हो. तुमच्यासारखं भारी नाही."

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. हातात स्टीलच्या वाटीत बर्फाचा खडा होता. त्यांनी कागदावरचे आकडे वाचले, आणि हाडांच्या डॉक्टरांसारखा त्यांचा चेहरा उजळला नाही. त्यांनी रांगेला बाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं.

"वजा सहा कुणी लिहिलं?"

"त्यांनीच सांगितलं, मॅडम," सिस्टर म्हणाली.

"उद्या त्या अकरा महिन्यांच्या गरोदर आहेत म्हणाल्या तर?"

डॉक्टरीणबाईंनी आधी थोरलीच्या छातीकडे बघत श्वास मोजले, तिला हाक मारून डोळे उघडायला लावले, मग चादर सारून मांडीवर बर्फ टेकवला. "गार लागतंय?"

"ओलं लागतंय. गार नाही."

"बरोबर. औषध काम करतंय." त्या धाकटीकडे वळल्या आणि बर्फ तिच्या मांडीवर टेकवला. "तुम्हाला?"

बर्फ इतका गार होता, की धाकटीला तो दातांत लागला. तिने मान वळवली. "जाऊबाईंना नाही ना लागला?"

"त्यांचं सोडा."

"त्यांचं कसं सोडू?"

"आजी, मी तुमच्या पायाबद्दल विचारतेय."

"नाही लागत," धाकटी म्हणाली. "मुळीच नाही."

डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यावरचं बँडेज बघायला पाय जरासा उचलला. धाकटीच्या तोंडून हूं की चूं नाही. पण शेजारच्या पलंगावरून थोरली बघत होती. अफूची पेंग होती, नाक परत हुळहुळत होतं, खोली पाण्याखाली असल्यासारखी संथ हलत होती. त्या पाण्यातून तिला चादरीबाहेर आलेला एक डावा पाय दिसला. त्याचा अंगठा आत वळत होता. हळूहळू, गोगलगाय शंखात शिरावी तसा.

हा अंगठा तिने कुठे बघितला होता? एक खोली आठवली, भिंतीकडे केलेली पाठ, सुईणबाईच्या हातातलं गरम पाण्याचं भांडं. तेव्हा तिला वाटलं होतं, की धाकटीला बाळंतपण सोपं गेलं, नशीबवान पोरगी. तिने ते कितीदा, किती जणींना सांगितलं होतं. 'आमच्या धाकटीला काही कळलंसुद्धा नाही हो.'

थोरलीची पेंग साफ उतरली.

"सिस्टर, मला आकडा विचारा."

"मोठ्या आजी, सकाळपासून कितीदा..."

"परत विचारा म्हणते ना."

"बरं. किती?"

"दहा!"

सिस्टर दचकून तिच्या पंपाकडे धावली. डॉक्टरीणबाई ओरडल्या, "थांब, त्यांना वाढवू नकोस, आधीच पेंगताहेत..."

"हात नका लावू माझ्या पंपाला," थोरली म्हणाली. "मला कुठे काय दुखतंय? माझे दोन गुडघे घरी ठेवून आल्यासारखे आहेत. दहा माझ्या नावावर लिहा नुसते. लिहिले? आता तिला विचारा."

डॉक्टरीणबाईंना काही उमगलं नाही. पण आयुष्यभर माणसांना शुद्धीवरून खाली आणि परत वर आणताना त्या एक शिकल्या होत्या, की कधी कधी फक्त पुढचा प्रश्न विचारायचा असतो. त्या खाली वाकल्या. "आजी, जाऊबाईंचे दहा. तुमचे?"

धाकटीने थोरलीकडे बघितलं. थोरलीने मान हलवली. "बोल. जागा केलीय तुला."

"नऊ," धाकटी म्हणाली.

म्हणजे तिला म्हणायचं होतं तेवढंच. पण तोंड उघडलं आणि मागून सगळंच आलं. सकाळपासूनचा गुडघा आला, रंगाऱ्याचा खांदा आणि पोस्टमनची कंबर आली, डोकेदुखीची डावी बाजू आली, काढून घेतलेल्या थर्मामीटरचा उरलेला ताप आला, आणि त्या सगळ्यांच्या मागून, भिंतीकडे तोंड करून गिळलेलं ते बाळंतपण आलं. ती ओरडली. "नऊऽऽ!" खिडकीच्या काचा थरथरल्या, लोटलेलं दार धाडकन उघडलं, बाहेरच्या रांगेतल्या दोघांनी काठ्या टाकून धूम ठोकली. आणि समोरच्या औषधांच्या कपाटाचं कुलूप खाड्‌कन उघडून लोंबकळायला लागलं. सिस्टर पुढे कितीतरी दिवस हे शपथेवर सांगायची आणि दुसऱ्या मजल्यांवर कुणी विश्वास ठेवायचं नाही.

"बघ," थोरली म्हणाली, "सांगितलं होतं ना, कुलूप भिकार आहे."

डॉक्टरीणबाईंनी धाकटीला कुशीवर वळवलं. पाठीखालची चादर ओली चिंब होती आणि बारीक नळी पाठीत असायची ती चिकटपट्टीला लोंबत होती. "ही निघाली कधी? काय केलंत तुम्ही?"

"तिने नाही," थोरली म्हणाली. "मी माझं नाक खाजवायला सांगितलं."

एवढं बोलून ती खिडकीबाहेर बघू लागली. तिथे बघण्यासारखी फक्त पाण्याची टाकी होती, पण ती बराच वेळ बघत राहिली.

पुढचं सगळं भराभर झालं. उघडं कुलूप बघायला सगळा मजला लोटला होता. दोन सिस्टर उभ्या राहिल्या, एकीने काढलं आणि दुसरीने बघितलं, आणि धाकटीच्या शिरेतून औषध गेलं तेव्हा ठणका खाली बसला. रक्त पातळ करणारं तिचं त्या दिवसाचं इंजेक्शन अजून द्यायचं होतं, हे नशीब, नाहीतर सुईने कण्यापाशी रक्त साचायची भीती होती. त्यामुळे दुसरी नळी लगेच घालता आली. डॉक्टरीणबाईंनी ती घातली आणि तिच्यावर इतक्या पट्ट्या चिकटवल्या, की धाकटीची पाठ परगावी पाठवायच्या पार्सलसारखी दिसायला लागली.

"आणि हे दोन पलंग एकमेकांना चिकटवा," जाताना त्या म्हणाल्या. "या दोघी सुधारण्यातल्या नाहीत."

पलंग चिकटवले. टेबल भिंतीशी गेलं. ऊन थोरलीच्या पायांवरून सरकत धाकटीच्या पायांवर आलं. हाडांचे डॉक्टर डोकावले आणि आकडा शून्याच्या वर आलाय हे बघून खट्टू होऊन परत गेले.

सिस्टर आली. "मोठ्या आजी, किती?"

"शून्य."

"धाकट्या आजी?"

धाकटीने आपल्या गुडघ्याला विचारलं. वरात गल्लीबाहेर गेली होती, नुसता एखादा ढोल कुठे लांब घुमत होता, मग तोही थांबला. सिस्टर पेन धरून उभी राहिली. थोरलीने डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं.

"शून्य," धाकटी म्हणाली.

"माझ्या बरोबरीला आलीस?"

"हो, जाऊबाई. आले."

थोरलीने उशी जरा सरळ केली. असं कधी झालं नव्हतं, आणि झाल्यावर छत कोसळतं की काय हे बघायला ती वरती बघत राहिली. छत होतं तिथेच राहिलं.

मग धाकटीच्या नाकाला खाज सुटली. शेंड्यापासून सुरू झाली आणि भुवयांच्या मध्यापर्यंत गेली. तिने नाक वाकडं केलं, सरळ केलं, उशीला घासलं. तिला हलायची सक्त मनाई होती.

"काय गं? खाज सुटली?"

"थोडीशी."

"थोडीशी बिडीशी नको. शून्य ते दहा, किती?"

धाकटीने तोंड उघडलं, थोरलीच्या खाजेचा आकडा विचारण्यासाठीच. ते तिने अर्ध्यात मिटलं. खाज जबर होती.

"आठ," ती म्हणाली.

"आठ?" थोरली म्हणाली. "माझी सहाच होती."

"असेल."

थोरलीने सलाईनचा हात जपून उचलला, चिकटलेल्या पलंगांच्या फटीवरून पलीकडे नेला, आणि जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याचं नाक खाजवू लागली. काही जमत नव्हतं. बोट कधी गालावर जाई, कधी डोळ्यात.

धाकटीने डोळे मिटले.

"तिथे नाही, जाऊबाई," ती म्हणाली. "अजून थोडं वर."